शेजारची बाटली

बाटलीच्या तळाशी सात-आठ माश्या उताण्या पडल्या होत्या आणि त्यांचे पाय थरथरत होते. सप्टेंबर 2012, गणपतीचे दिवस, संध्याकाळचे साडेसहा. महाविद्यालय कधीच सुटलं होतं. आमच्या प्रयोगशाळेची खिडकी नाल्यावर उघडते, तो नाला पुढे खाम नदीला मिळतो आणि पावसाळा सरता सरता त्या खिडकीतून इतके डास येतात की हात-पाय झाकल्याशिवाय बसता येत नाही. शहरात डेंग्यूचे रुग्ण होते. म्हणून मी घरून डासांचं लिक्विडचं मशीन आणलं होतं आणि टेबलाजवळच्या प्लगला लावलं होतं. हे वाक्य मी आज लिहिते आहे. त्या संध्याकाळी ते माझ्या डोक्यात कुठेही नव्हतं.

माझ्या डोक्यात होतं ते असं: उत्परिवर्तन सापडलं.

मी प्राणिशास्त्र शिकवते. केळ्यावर घोंगावणारी जी लालसर डोळ्यांची चिलटं, ती ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, आमच्या अभ्यासक्रमात असतात. रवा, गूळ, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवायचं, बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिओनिक आम्ल घालायचं, गरम असतानाच दुधाच्या बाटल्यांत ओतायचं, थंड झालं की माश्या सोडायच्या आणि कापसाचा बोळा लावायचा. दहा-बारा दिवसांत पुढची पिढी. त्या वर्षी मी नरांना साखरेच्या पाण्यातून ईएमएस नावाचं रसायन दिलं होतं. हे रसायन डीएनएमधली अक्षरं बदलतं. बापाचं एक्स गुणसूत्र थेट मुलग्यांकडे जाईल अशा खास माद्यांशी त्यांचा संकर केला होता, म्हणजे त्या गुणसूत्रावर काही बिघडलं असेल तर ते पहिल्याच पिढीत दिसावं. थरथरणारे सगळे नरच होते, असं मी नोंदवहीत लिहिलं. खरं सांगायचं तर मी नरच तपासले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माश्या उठून हिंडत होत्या. संध्याकाळी पुन्हा पडल्या. इथे माझं वाचन माझ्या आड आलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1962 पासून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दीकी यांनी सिमोर बेंझर यांच्याबरोबर 1976 मध्ये एक निबंध लिहिला होता. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडाव्यात लगेच उठणाऱ्या माश्यांवरचा. आपल्या राज्यात काम करणाऱ्या माणसाने चिलटाच्या चेतापेशीतून विजेचे संकेत कसे जातात ते दाखवलं, याचं मला विद्यार्थिदशेपासून अप्रूप. त्यातल्या एका जनुकाचं नाव पॅरा. या जनुकावरून चेतापेशीच्या पटलात सोडियमचं एक दार बनतं. ते दार उघडतं-मिटतं तेव्हाच संदेश पुढे जातो. माझ्या माश्या संध्याकाळच्या उकाड्यात पडत होत्या आणि सकाळच्या गारव्यात उठत होत्या. सगळं जुळत होतं. मी मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पुन्हा बघितलंत का?" मी म्हटलं, "दोनदा."

तिसऱ्या दिवशी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी जर्नल सही करून घ्यायला थांबली होती. मी तिला कौतुकाने बाटली दाखवली. तिने ती पाहिली, मग मागच्या रॅककडे पाहून म्हणाली, "मॅडम, त्या बाटलीतल्या पण पडल्यात की."

त्या बाटलीत ईएमएस न दिलेल्या साध्या माश्या होत्या. तिच्या शेजारच्या बाटलीतही तेच. टेबलापासून जेवढी बाटली लांब, तेवढ्या माश्या कमी पडलेल्या. ओळ लावून मशीनपर्यंत पोचायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या लिक्विडमधलं द्रव्य पायरेथ्रॉइड जातीचं असतं. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून जे कीटकनाशक पूर्वी काढत, त्याचं कारखान्यात बनवलेलं भावंड. ते कीटकाच्या चेतापेशीतलं सोडियमचं दार उघडं धरून ठेवतं. मिटूच देत नाही. म्हणजे पॅरा जनुक जे दार बनवतं, बरोबर तेच. मी उत्परिवर्तन शोधत होते त्याच जागेवर माझ्या घरचं मशीन बोट ठेवून बसलं होतं, म्हणून चित्र इतकं हुबेहूब जुळलं.

मी प्रयोगशाळेच्या दारावर कागद चिकटवला: आत फवारणी, उदबत्ती, डासांचं मशीन चालणार नाही. तो अजून आहे. आणि मला वाटलं, धडा शिकले. पण मी शिकले होते ते एवढंच की मशीन लावू नये. त्या मुलीने जे केलं, म्हणजे शेजारच्या बाटलीकडे पाहिलं, ते मी शिकले नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

चेतापेशींच्या ऱ्हासाकडे मी वळले ती मामांमुळे. आईचे धाकटे भाऊ, पैठणला राहायचे, एसटीत कंडक्टर. चाळिशी ओलांडल्यावर गाडीच्या मधल्या वाटेतून जाताना त्यांचा तोल जाऊ लागला. आधी वाटलं, गाडी हलते म्हणून. मग घरातही भिंतीला हात लावून चालू लागले. बोलणं जड झालं. तिकिटाची सुटी मोजताना बोटं चुकायची. प्रवासी आपसात म्हणायचे, कंडक्टर पिऊन आलाय. मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. डेपोत दोनदा त्यांना तोंडाचा वास देऊन दाखवावा लागला, ते मामी अजून सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. शेवटी पुण्याला नेऊन रक्ताची जनुकीय तपासणी केली. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दुसरा. लहान मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. आईकडून किंवा वडिलांकडून एकच बिघडलेली प्रत आली तरी पुरते, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मामांना एकच मुलगा. त्याने तपासणी करून घेतली नाही. तो त्याचा प्रश्न, त्यावर मी कधी बोलले नाही.

या आजाराच्या मुळाशी एक तोतरेपणा आहे. जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात ग्लुटामिन नावाचा एक मणी ओवला जातो. दुसऱ्या प्रकाराच्या जनुकात बहुतेक माणसांत असे बावीस मणी असतात. साधारण चौतीसच्या पुढे गेले की आजार, आणि जितके जास्त तितका तो लवकर. लांब माळ असलेलं प्रथिन नीट घडी घालत नाही, पेशीत त्याचे गोळे होतात. दुसरा प्रकार, तिसरा प्रकार, हंटिंग्टन या सगळ्यांत हा मण्यांचा वाढावा आहे, मात्र प्रथिनं वेगवेगळी.

1998 मध्ये अमेरिकेत नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने तिसऱ्या प्रकाराच्या मानवी जनुकाचा तुकडा चिलटात घातला. दोन वाण केले. एकात 27 ग्लुटामिन, दुसऱ्यात 78. सत्तावीसच्या माश्या ठणठणीत. अठ्ठ्याहत्तरच्या माश्यांच्या डोळ्यातल्या, मेंदूतल्या पेशी माणसासारख्याच झिजत गेल्या. चिलटाच्या मेंदूत सुमारे 1,39,000 चेतापेशी. माणसाच्या मेंदूपुढे ही संख्या नगण्य, तरी त्यांच्यात प्रथिनाच्या गोळ्यांनी पेशी मरते ती बऱ्याच अंशी आपल्यासारखीच. मी हे वाचलं तेव्हा मामा काठीवर आले होते. माझ्या टेबलावरच्या त्या क्षुद्र माशीत मामांचा आजार दिसू शकतो हे कळल्यावर दुसरं काही करावंसं वाटलंच नाही.

दोन्ही वाण मला एका मोठ्या प्रयोगशाळेतून मिळाले. अठ्ठ्याहत्तरमधला सौम्य वाण, ज्याच्या माश्या प्रौढ होईपर्यंत जगतात. 2013 च्या मेमध्ये सत्तावीसचा वाण मी मरू दिला.

मेला असं नाही म्हणत, मरू दिला म्हणते. त्या महिन्यात पारा 42 च्या आसपास, दिवसातून दोनदा लाइट जायची आणि आमचं इन्क्युबेटर बॅटरीवर चालत नव्हतं. तिशीच्या वर तापमान गेलं की नर वांझ होतात, अंडी फुटत नाहीत. बाटल्या घरी न्यायच्या ठरल्या. मोटारसायकलवर एका खोक्यात जेवढ्या मावतील तेवढ्याच. मी अठ्ठ्याहत्तरच्या सगळ्या बाटल्या नेल्या. सत्तावीसच्या ठेवल्या, कारण त्यांना काहीच होत नव्हतं. मी तसा विचार केला हे मला शब्दशः आठवतं: यांच्यात बघण्यासारखं काही नाही. जूनमध्ये त्या बाटल्या धुवायला टाकल्या. वाण पुन्हा मागवायला पत्र लिहायचं, तेही लाजेने लिहिलं नाही. तुलनेसाठी आपल्या वर्गातल्या लाल डोळ्यांच्या साध्या माश्या आहेतच की, असं ठरवून टाकलं.

त्या तुलनेत आणखी एक गफलत होती. बाहेरून जनुक घातलेल्या माश्या बहुतेक पांढऱ्या डोळ्यांच्या वाणात बनवतात. घातलेल्या जनुकासोबत डोळ्याला रंग देणारा एक छोटा तुकडा जोडतात, म्हणजे कोणत्या माशीत जनुक गेलं ते रंगावरून ओळखता येतं. थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये सापडलेलं हे व्हाइट जनुक नुसत्या रंगाचं नाही. ते नसेल तर वयाबरोबर डोळ्यातलं दृष्टिपटल खराब होतं, माशीचं वागणंही बदलतं. म्हणजे लाल डोळ्यांच्या आणि फिकट डोळ्यांच्या माश्यांत फरक दिसला, तर तो 78 मण्यांचा की पांढऱ्या डोळ्याचा, हे माझ्या मांडणीत सांगताच आलं नसतं. एम.एस्सी.च्या पोरांना मॉर्गनचा तास मीच घेते.

आता अश्वगंधा. 2014. मी त्याकडे का गेले ते सांगते. बेंझर यांनी उतारवयात मेंदूचा ऱ्हास होणारे चिलटांचे वाण शोधले होते. त्यातल्या बबलगम नावाच्या वाणाला अन्नातून एक तेल दिलं की ऱ्हास टळतो, असं 1999 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालं होतं. खाण्यातून देता येईल असं काही, स्वस्त, घराघरात मिळणारं. मामी तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून मामांना रात्री दुधातून चिमूटभर अश्वगंधा चूर्ण देतच होत्या. मला वाटलं, पाहू तरी. म्हणजे ज्याच्यासाठी पाहायचं त्याच्या घरातून प्रश्न उचलला आणि उत्तर काय यावं हेही तिथूनच उचललं.

चूर्णाचा अर्क माश्यांच्या अन्नात मिसळला. अन्न पातळ झालं, नीट गोठेना, वरच्या फडताळात उन्हाच्या झळीने त्याला पाणी सुटायचं. म्हणून अर्काच्या नळ्या मी खालच्या कप्प्यात ठेवल्या. आमच्या सेवककाकांनी लाइट गेल्यावर गारवा राहावा म्हणून तिथे माठ ठेवला होता आणि भोवती ओलं गोणपाट. अर्क नसलेल्या नळ्या वर. नोंदवहीत मी अन्नाचं प्रमाण, माश्यांचं वय, तारीख सगळं लिहिलं. कुठला कप्पा ते लिहिलं नाही.

चाचणी साधी असते. रिकाम्या नळीवर तळापासून 8 सेंटिमीटरवर खूण करायची, नळी हलकेच आपटायची, माश्या तळाला पडतात आणि जातिस्वभावाने वर चढू लागतात. दहा सेकंदांत किती खुणेपलीकडे गेल्या ते मोजायचं. ज्यांच्या चेतापेशी झिजल्या त्यांना चढता येत नाही. मीच आपटायची, मीच मोजायची, कुठली नळी कोणती ते मलाच माहीत. तिसऱ्या आठवड्यात अर्काच्या माश्या चढत होत्या. अर्क न दिलेल्या तळाशी घुटमळत होत्या.

मी रडले. ते खोटं नव्हतं.

त्या निकालात काय काय मिसळलं होतं ते आज मला क्रमाने दिसतं. माशीच्या पेशीत मानवी जनुक चालू करायला यीस्टमधून घेतलेली गॅल4 नावाची कळ वापरतात. 1993 पासून जगभर वापरतात. ही कळ उष्णतेत जोरात चालते, 29 अंशाला भरपूर, 18 अंशाला जेमतेम. खालच्या कप्प्यात माठाशेजारी तापमान कमी, म्हणून विषारी प्रथिनच कमी बनत होतं. शिवाय थंडीत माशीचं वयच सावकाश वाढतं. 25 अंशाला दहा दिवसांत जी वाढ होते तिला 18 अंशाला जवळपास दुप्पट दिवस लागतात. दोन्ही नळ्यांवर "20 दिवस" लिहिलेलं असलं तरी खालच्या माश्या तरुण होत्या. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते: पातळ अन्नात दुबळ्या माश्या चिकटून मरत होत्या. मी त्या "अन्नात अडकून मृत" म्हणून मोजणीतून वगळल्या. ज्या चढूच शकल्या नसत्या त्या आधीच बाजूला झाल्या आणि उरलेल्या धडधाकट माश्यांचं श्रेय मी चूर्णाला दिलं.

ऑक्टोबरमध्ये एका राज्यस्तरीय परिषदेत मी भित्तिपत्रक लावलं. लोकांनी फोटो काढले. आठवडाभराने दिवाळी होती, मी पैठणला गेले आणि फराळाची ताटं समोर असताना मामींना सांगितलं, "मामी, तुम्ही देताय ते बरोबर आहे. मामांच्याच आजाराच्या माश्यांवर मी करून बघितलंय. त्या चालायला लागल्या."

मामांच्याच आजाराच्या, असं म्हणाले. माझ्या माश्या तिसऱ्या प्रकाराच्या, मामांचा आजार दुसऱ्या. वेगळं जनुक, वेगळं प्रथिन. हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. सांगितला असता तर वाक्याचा जोर गेला असता, म्हणून गाळला. त्या एका वाक्यासाठी मला कुणी भरीस घातलं नव्हतं, पदवी अडली नव्हती, अनुदान अडलं नव्हतं. फक्त मामींचा चेहरा उजळलेला पाहायचा होता. तो उजळला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. चूर्ण दुप्पट झालं. सोमवार-गुरुवारची फिजिओथेरपी बंद झाली, कारण रिक्षाचे आणि तिथले पैसे वाचले तर चांगल्या दुकानातलं चूर्ण घेता येत होतं. या आजारावर पेशी वाचवणारं औषध नाही. तोल सांभाळायचे, पडायचं कसं नाही ते शिकवणारे व्यायाम, हाच खरा आधार. तो मी काढून घेतला. जानेवारी 2015 मध्ये मामा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत.

तेव्हाही मला वाटलं, वाईट झालं, पण चूर्ण खरं आहे. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी मामींना म्हणाले, "बंद करू नका."

मेमध्ये आमच्याकडे नवीन थर्मामीटर आले. सेवककाकांनी माठात पाणी भरताना एक सहज खालच्या कप्प्यात ठेवला, दुसरा वर. मला हाक मारून म्हणाले, "मॅडम, हा बिघडलेला दिसतोय, बघा." वर 33 होतं, खाली 27. मी दोन्हींची अदलाबदल केली. वर 33, खाली 27. थर्मामीटर बिघडलेला नव्हता. मी बराच वेळ फडताळाचं दार उघडं धरून उभी राहिले. काका म्हणाले, "दार लावा, गारवा जातोय."

त्याच सुमारास पुण्याच्या आयसरमधले गिरीश रत्नपारखी आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या अनुराधा रत्नपारखी यांच्या गटाचा 2014 चा एक निबंध मी वाचत होते. ब्राझीलमधल्या एका मोठ्या कुटुंबात चेतापेशी मरून स्नायू लुळे पडण्याचा एक आनुवंशिक आजार 2004 मध्ये एका जनुकाशी जोडला गेला. व्हीएपीबी त्याचं नाव, आजाराचं एएलएस8. प्रथिनातल्या 56 व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन आलं, एवढाच बदल. चिलटात तीच जागा 58 वी. पुण्यात कोणती इतर जनुकं चिलटातल्या या जनुकाच्या कामात हात घालतात ते शोधलं आणि टॉर नावाचं जनुक पुढे आलं. निष्कर्ष महत्त्वाचाच आहे. पण मी मांडणी वाचत होते. बदललेलं प्रथिन घातलेल्या माश्यांच्या शेजारी न बदललेलं प्रथिन तेवढंच घातलेल्या माश्या. आजारी माशीला तिच्या निरोगी सख्ख्या बहिणीशेजारी उभं केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. माझी निरोगी बहीण मी दोन वर्षांपूर्वी मेच्या उन्हात फडताळात टाकून गेले होते.

मी प्रयोग पुन्हा केला, या वेळी दोन्ही नळ्या एकाच कप्प्यात, अन्न सारखंच घट्ट. अर्काच्या माश्या बाकीच्यांसारख्याच तळाशी घुटमळत राहिल्या. परिषदेच्या आयोजकांना पत्र लिहिलं. सारांशांचं पुस्तक केव्हाच छापून झालं होतं, त्यांनी पोच दिली. ज्यांनी माझ्याकडे पद्धत मागितली होती त्या तिघांना वेगळं कळवलं. हे सगळं एका महिन्यात उरकलं. अनोळखी लोकांपुढे चूक कबूल करायला मला फार त्रास झाला नाही.

मामींना सांगायला चौदा महिने लागले.

दर खेपेला ठरवून जायची. एकदा मामा झोपलेले असायचे, एकदा पाहुणे, एकदा मामींचा उपास. कारणं सगळी खरी. मधल्या काळात त्या चूर्णाचे डबे आणत राहिल्या, मी पाहत राहिले. ज्या चुका प्रयोगशाळेत झाल्या त्यांना घाई होती, उष्णता होती, अज्ञानही थोडं होतं. या चौदा महिन्यांना तसलं काही नव्हतं. मला सगळं कळत होतं.

जुलै 2016 मध्ये सांगितलं. स्वयंपाकघरात, मामी ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, माठ, कप्पा, चिकटलेल्या माश्या, दुसरा आणि तिसरा प्रकार. त्यांनी हात थांबवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चूर्णाचं जाऊ दे गं. त्यानं काही वाईट झालं नाही." मग थोडं थांबून, "तू दिवाळीत बोललीस ना, त्याच्यानंतर ह्यांनी काठी ठेवून दिली होती. म्हणले, पोरीच्या माश्या चालू लागल्या, मी पण बघतो. मी नको म्हणत होते. न्हाणीत गेले तेव्हा काठी खोलीत होती."

हे मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी फिजिओथेरपीचा हिशेब करत होते आणि काठी भिंतीला टेकून होती.

मामेभाऊ दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वाळूजला कंपनीत आहे, यंत्रांच्या तपासणी विभागात. रागावेल असं वाटलं. त्याने विचारलं, "ताई, मोजताना तुला माहीत असायचं का, कुठली नळी कशाची?"

"असायचं."

"आमच्याकडे असं चालत नाही. माल कुठल्या शिफ्टचा ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी सत्तावीसच्या वाणासाठी पत्र लिहिलं, तो मरू दिल्याचं त्यात लिहिलं. वाण आला. मामेभाऊ रविवारी मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत यायला लागला. अश्वगंधेला उग्र वास असतो, अन्नाचा रंगही बदलतो, म्हणजे नळी पाहिली की मला कळणारच. म्हणून तो सकाळी लवकर यायचा, मी बाहेर व्हरांड्यात बसायची. तो माश्या कोऱ्या नळ्यांत उतरवायचा, नळ्यांवर नुसते आकडे चिकटवायचा आणि यादी शर्टाच्या खिशात ठेवायचा. मग मला हाक. कुंचल्याने, पंख न दुखावता माशी उचलायला तो दोन रविवारांत शिकला. आपटायचा तोच, एका जोराने, मी मोजायची. अन्नात चिकटून मेलेल्या माश्याही आता मोजणीत होत्या, न चढलेल्या म्हणून.

फेब्रुवारी 2017 च्या शेवटच्या रविवारी मोजणी संपली. सगळे आकडे लिहून झाल्यावर त्याने खिशातली यादी काढली आणि एकेक क्रमांक वाचत गेला, मी पुढे लिहीत गेले. अठ्ठ्याहत्तर, अर्कासह. अठ्ठ्याहत्तर, अर्काविना. दोन्ही खुणेच्या खाली, सारख्याच. सत्तावीसच्या माश्या मात्र नळीच्या तोंडाशी बोळ्याला जाऊन भिडलेल्या.

"म्हणजे ह्या चांगल्या चढत होत्या त्या सत्तावीसवाल्या?"

"हो."

"ह्यांच्यात पण ते जनुक घातलेलं आहे?"

"आहे. मणी कमी आहेत."

"आणि ह्यांना काहीच होत नाही?"

"नाही."

त्याने ती नळी उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिला. मी काही बोलले नाही. मग नळी रॅकमध्ये परत ठेवली, यादी उलगडून सरळ केली आणि नोंदवहीत चिकटवायला डिंक मागितला.